दोन थेंबांमागचे डॉक्टर सेबिन

पल्स पोलिओचा रविवार आपल्या ओळखीचा आहे. अंगणवाडीच्या दारात, एसटी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर टेबल मांडलेले असते. कुणी आजीच्या कडेवर येते, कुणी आईचा पदर धरून. मूल आ करते, जिभेवर दोन थेंब पडतात, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण होते आणि मूल परत खेळायला मोकळे. सुई नाही, रडारड नाही, मागाहून ताप नाही. हे सगळे इतके सोपे वाटते की ते सोपे करण्यासाठी एका माणसाची पंचवीस-तीस वर्षे गेली, हे आपल्या मनातही येत नाही.

मुलांच्या औषधाबाबत आपण बहुधा एवढेच विचारतो की औषध कोणते द्यायचे. ते कशातून द्यायचे, किती द्यायचे, कुठल्या वाटेने द्यायचे आणि कुणी द्यायचे, हे प्रश्न मागे राहतात. डॉ. अल्बर्ट सेबिन यांनी आयुष्यभर याच प्रश्नांचा पाठपुरावा केला. म्हणून त्यांचे चरित्र ही केवळ एका लसीची गोष्ट नाही. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावे असे आहे.

दंतवैद्य व्हायला निघालेला मुलगा

सेबिन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०६ रोजी बियालिस्टॉक या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. घराणे ज्यू. त्यांच्या जन्माच्या दोनच महिने आधी त्या गावात ज्यूंची मोठी कत्तल झाली होती. अशा वातावरणात बालपण काढल्यावर १९२१ मध्ये कुटुंबाने गाव सोडले आणि अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन येथे बस्तान बसवले. घरचे मूळ आडनाव सॅपरस्टाईन होते. सेबिन हे नाव त्यांनी पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेताना धारण केले.

घरची परिस्थिती बेताची होती. एका नातेवाईक दंतवैद्याने शिक्षणाचा खर्च उचलायचे कबूल केले, पण मुलाने दंतवैद्यक शिकले पाहिजे अशी अट घातली. मुलगा न्यूयॉर्क विद्यापीठात दाखल झाला. दात आणि हिरड्या यांत त्याचे मन काही रमेना. त्याच सुमारास पॉल द क्रुइफ यांचे सूक्ष्मजंतूंच्या शोधकर्त्यांवरील पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याने दिशा बदलली. दंतवैद्यक सोडले तसा खर्चाचा आधारही तुटला. पडेल ते काम करत आणि शिष्यवृत्तीवर भागवत त्यांनी १९३१ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली.

त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ आली. आज तिशी-चाळिशीत असलेल्या आईबापांनी पोलिओचा रुग्ण क्वचितच पाहिला असेल. त्या काळी अमेरिकेत उन्हाळा म्हटला की घरोघरी धास्ती असे. पोहण्याचे तलाव बंद होत, मुलांना चित्रपटगृहात पाठवत नसत. एका रात्रीच्या तापानंतर सकाळी मुलाचा पाय उचलत नसे. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर त्याला लोखंडी नळकांड्यासारख्या श्वसनयंत्रात ठेवावे लागे. तरुण सेबिन यांनी हे जवळून पाहिले आणि पोलिओच्या विषाणूचा माग काढायचे ठरवले.

विषाणूंशी खेळणे किती जिवावरचे असते याचा अनुभवही लवकरच आला. १९३२ मध्ये विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टरला प्रयोगातले माकड चावले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या शरीरातून सेबिन यांनी एक नवा विषाणू वेगळा केला. तो आजही ब्रेबनर यांच्या आद्याक्षरावरून बी विषाणू म्हणून ओळखला जातो.

नाकातून की तोंडातून?

पोलिओचा विषाणू मुलाच्या शरीरात शिरतो तरी कुठून? १९३० च्या दशकात बहुतेक तज्ज्ञ नाकाकडे बोट दाखवत. प्रयोगशाळेतील माकडांना नाकावाटे लागण होत असे. म्हणजे विषाणू नाकातून थेट मज्जातंतूंत आणि तिथून मेंदूत जातो, असे मानले गेले. १९३६ मध्ये सेबिन आणि त्यांचे वरिष्ठ पीटर ओलित्स्की यांनी रॉकफेलर संस्थेत केलेल्या प्रयोगात तर विषाणू फक्त मज्जासंस्थेच्या पेशींतच वाढला. त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला. त्यांनी प्रयोगासाठी घेतलेला वाण पिढ्यान्‌पिढ्या माकडांच्या मेंदूत वाढवलेला होता. त्याला दुसरीकडे वाढायची सवयच राहिली नव्हती, हे नंतर कळले.

या चुकीच्या समजाची किंमत मुलांना मोजावी लागली. नाकाची वाट बंद केली की पोलिओ टळेल, या आशेने १९३७ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारण्यात आला. पोलिओ तर टळला नाहीच, उलट काही मुलांची वास घेण्याची शक्ती गेली. त्याआधी दोनच वर्षे, १९३५ मध्ये, अमेरिकेत घाईघाईने तयार केलेल्या दोन पोलिओ लसी हजारो मुलांना टोचल्या गेल्या होत्या. त्यानंतर काही मुले लुळी पडली, काही दगावली आणि ते प्रयोग थांबवावे लागले. हेतू चांगला असला म्हणून मुलाच्या शरीरात काहीही घालून चालत नाही, हा धडा त्या पिढीच्या सगळ्या संशोधकांच्या मनावर कोरला गेला.

१९३९ मध्ये सेबिन ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात आले. तिथे त्यांनी रॉबर्ट वॉर्ड यांच्यासह एक किचकट आणि मन विषण्ण करणारे काम हाती घेतले. पोलिओने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनातून नाक, घसा, आतडी, मज्जारज्जू असे निरनिराळे भाग घेऊन कुठे विषाणू सापडतो ते त्यांनी तपासले. १९४१ मध्ये निष्कर्ष हाती आला. नाकाच्या अस्तरात विषाणू नव्हता. घशात आणि आतड्यांत मात्र भरपूर होता. पोलिओ तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि घाणेरड्या हातांनी किंवा पाण्यावाटे पुढच्या मुलाच्या तोंडात जातो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. थोड्या अभागी मुलांत तो मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतो आणि हात-पाय लुळे पाडतो.

पाच वर्षांपूर्वी आपल्याच प्रयोगातून बळकट झालेली समजूत सेबिन यांनी अशी स्वतःच मोडून काढली. पुढची सगळी वाटचाल या शोधावर उभी राहिली. रोग ज्या वाटेने येतो त्याच वाटेने लस गेली, तर पहारा थेट दारावर बसेल. टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे तयार करते आणि मुलाला लुळेपणापासून वाचवते; पण आतड्यात विषाणूची वाढ ती तितकीशी रोखत नाही. तोंडावाटे दिलेली जिवंत पण निर्बळ लस आतड्यातच संरक्षण उभे करते, त्यामुळे साखळी तुटते.

दोन लसी, दोन माणसे

मध्ये दुसरे महायुद्ध आले. सेबिन लष्करी वैद्यकीय सेवेत गेले आणि सैनिकांना छळणाऱ्या डेंग्यू, वालुमाशीचा ताप व जपानी मेंदूज्वर या रोगांवर त्यांनी काम केले. परत आल्यावर त्यांनी पुन्हा पोलिओ हाती घेतला. १९४९ मध्ये जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींतही हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येतो हे दाखवले, आणि लसीचा रस्ता मोकळा झाला. या कामासाठी त्या तिघांना १९५४ चे नोबेल मिळाले.

पहिली बाजी मारली ती जोनास साल्क यांनी. त्यांनी विषाणू फॉर्मालिनने मारून टोचण्याची लस केली. १९५२ मध्ये अमेरिकेत पोलिओचे सुमारे अठ्ठावन्न हजार रुग्ण झाले होते. त्यामुळे १२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांची लस यशस्वी झाल्याचे जाहीर होताच देशभर चर्चच्या घंटा वाजल्या. पण काही दिवसांतच घात झाला. एका कंपनीने तयार केलेल्या काही साठ्यांत विषाणू पुरता मेलेला नव्हता. सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण दगावले. साल्क यांची पद्धत चुकीची नव्हती. कारखान्यातल्या कामात आणि तपासणीत कसूर झाली होती. बाटलीवरचे नाव बरोबर असले तरी आतले औषध ठरल्याप्रमाणे बनले आहे की नाही, हे दर वेळी तपासावे लागते. सिरपमधील विषारी भेसळीने मुले दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अलीकडेही आल्या, तेव्हा हा धडा जुना झालेला नाही.

सेबिन यांचा स्वभाव हट्टी, वादाला न डगमगणारा आणि कामात कमालीचा काटेकोर. त्यांनी तिन्ही प्रकारच्या पोलिओ विषाणूंचे निर्बळ वाण निवडायला घेतले. विषाणू आतड्यात वाढला पाहिजे, पण मज्जातंतूंना इजा करता कामा नये, ही कसोटी. त्यासाठी हजारो माकडे आणि शंभराहून अधिक चिंपांझी वापरले गेले. त्या काळी पोलिओ संशोधनासाठी भारतातून लाल तोंडाची माकडे फार मोठ्या संख्येने अमेरिकेत जात. ही निर्यात भारताने १९७८ मध्ये कायमची बंद केली. आपल्या मुलांच्या तोंडात पडणाऱ्या थेंबांच्या इतिहासात आपल्या रानातल्या माकडांचाही वाटा आहे, तो असा.

वाण तयार झाल्यावर माणसांवर चाचणी करायची होती. सेबिन यांनी लस आधी स्वतः घेतली, पत्नीला दिली आणि आपल्या दोन लहान मुलींनाही दिली. त्यांच्याबरोबर ओहायोतील चिलिकॉथी येथील तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेले कैदी होते. कैद्यांवरील अशा चाचण्यांना आजचे नियम सहजासहजी परवानगी देणार नाहीत. त्या वेळी ती रूढ पद्धत होती.

साखरेची वडी आणि रशियन गोळी

पुढची अडचण वेगळीच होती. अमेरिकेतील बहुसंख्य मुलांना साल्क यांची लस टोचून झाली होती; नव्या लसीची मोठी चाचणी करायची कुणावर? त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अणुबाँब रोखून बसले होते. तरीही सेबिन यांनी मॉस्को आणि लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांशी संपर्क जोडला आणि आपले वाण त्यांना देऊन टाकले. तिथे मिखाइल चुमाकोव्ह आणि अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह यांनी काम अंगावर घेतले. १९५९ मध्ये एक कोटीहून अधिक मुलांना आणि १९६० अखेर सात कोटींहून अधिक लोकांना ही लस देण्यात आली. निकाल खरे आहेत की प्रचार, अशी शंका पाश्चात्त्यांना होतीच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने डोरोथी हॉर्स्टमन या जाणकार अमेरिकी डॉक्टरना प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठवले. काम चोख आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

एवढ्या अफाट देशात लस पोहोचवायची कशी, याचे रशियन उत्तर मजेदार होते. त्यांनी ती द्रवरूपात दिलीच, शिवाय खाऊच्या गोड गोळ्यांतही घातली. मुले आपण होऊन तोंड उघडू लागली. १९६१ मध्ये जपानमध्ये पोलिओची साथ होती. तिथल्या आयांनी सरकारकडे धरणे धरले आणि सरकारने एक कोटी तीस लाख मात्रा बाहेरून आणवल्या. त्यांत रशियाच्या या गोड गोळ्याही होत्या.

अमेरिकेत २४ एप्रिल १९६० रोजी सिनसिनाटीत पहिला सेबिन रविवार साजरा झाला. आईबाप मुलांना घेऊन रांगा लावून उभे राहिले. पुढे परवाना मिळाल्यावर देशभर असे रविवार झाले. साखरेच्या छोट्या चौकोनी वडीवर लसीचे थेंब टाकायचे आणि ती वडी मुलाच्या हाती द्यायची. १९६२ ते १९६४ या काळात सुमारे दहा कोटी अमेरिकनांनी ती घेतली. मेरी पॉपिन्स या चित्रपटात साखरेमुळे औषध गोड लागते अशा अर्थाचे एक गाणे आहे. गीतकाराच्या मुलाने शाळेतून येऊन अशाच वडीची हकीकत सांगितली आणि त्यावरून ते सुचले.

पण वडी ही मोठ्या मुलांची सोय होती. दात न आलेल्या बाळाला साखरेची वडी कशी देणार? ती घशात अडकायची. शिवाय मुलाने अर्धी चघळून थुंकली तर मात्रा किती गेली, कळायचे कसे? म्हणून तान्ह्यांसाठी थेट जिभेवर पडणारा, मोजून दोनदा दाबायचा थेंबच सोयीचा ठरला. लस तीच होती. वयाप्रमाणे तिचे रूप बदलले.

यात आणखी एक सावधगिरी होती, ती नीट लक्षात घेतली पाहिजे. लस गोड होती, पण ती घरी नेता येत नव्हती. आरोग्यसेवकाच्या समोर, त्याच्या हातून ती एकदाच तोंडात जायची. त्याच अमेरिकेत संत्र्याच्या चवीची मुलांची ॲस्पिरिन घरोघरी कपाटात असे. ती खाऊ समजून मुले मूठभर गोळ्या खात आणि विषबाधा होऊन रुग्णालयात पोहोचत. अखेर १९७० मध्ये अमेरिकेने मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणे लावण्याचा कायदा केला.

जिवंत लसीची किंमत

सेबिन यांची लस निर्दोष नव्हती. जिवंत विषाणू निर्बळ केला तरी तो जिवंतच असतो. फार क्वचित तो पालटून पुन्हा मज्जातंतूंवर उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पहिल्या मात्रेच्या सुमारे सत्तावीस लाखांत एका बालकाला लसीमुळे पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेत साठच्या दशकातच अशी प्रकरणे पुढे आली. सेबिन यांनी हा निष्कर्ष मनापासून कधीच मान्य केला नाही. समित्यांशी ते वाद घालत राहिले. एकेकाळी स्वतःचा प्रयोग खोडून काढणारा हा माणूस या बाबतीत मात्र अडून बसला. पुढे पुरावा त्यांच्या विरोधात गेला. पोलिओ हद्दपार झालेल्या देशांत हा एवढासा धोकाही नको, म्हणून अमेरिकेने २००० सालापासून पुन्हा टोचण्याच्या लसीचा मार्ग धरला.

मग सेबिन चुकले का? जिथे रोज शेकडो मुले पोलिओने लुळी पडत होती, तिथे हिशोब निराळा होता. सुई उकळायला चूल नाही, टोचायला परिचारिका नाही, अशा वस्तीत कुणीही थोडे शिकून देऊ शकेल असा थेंबच पोहोचू शकत होता. औषधाचे कुठले रूप चांगले, याला एकच उत्तर नसते. कुठल्या मुलाला, कुठे आणि कोणत्या काळात, यावर ते ठरते.

सेबिन यांनी लसीचे पेटंट घेतले नाही. त्यांना नोबेल मिळाले नाही. साठी उलटल्यावर ते काही काळ इस्राएलमधील वाइझमान संस्थेचे अध्यक्ष होते. १९८० मध्ये ब्राझीलने ठरावीक दिवशी सगळ्या मुलांना एकदम लस देण्याची मोहीम घेतली, तेव्हा ते सल्लागार म्हणून गेले. रुग्णांच्या आकड्यांवरून सरकारशी त्यांचे बिनसले आणि ते परतले, पण मोहीम यशस्वी झाली. १९८३ मध्ये मानेच्या मणक्याच्या विकारातून त्यांना स्वतःलाच पक्षाघात झाला. ज्या आजाराशी ते आयुष्यभर झुंजले त्याच्याशी या दुखण्याचा संबंध नव्हता, पण हात-पाय न हलण्याची यातना त्यांनी अंगावर अनुभवली. त्यातून ते बरे झाले. ३ मार्च १९९३ रोजी वॉशिंग्टन येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडचे दोन थेंब

भारतात १९७९ पासून सेबिन यांची लस नियमित लसीकरणात आली. मुंबईत परळच्या हाफकिनने वर्षानुवर्षे या लसीच्या कुप्या भरून देशभर पुरवल्या. अमेरिकेत जेवढ्या मात्रा पुरत तेवढ्या आपल्या मुलांना पुरत नाहीत, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांच्या अभ्यासातून दिसले होते. म्हणूनच १९९५ पासून पुन्हापुन्हा पल्स पोलिओचे रविवार घ्यावे लागले. मुलाला आधी थेंब मिळाले असले तरी पुन्हा द्या, असे का सांगत, याचे उत्तर यात आहे. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आता आपल्या वेळापत्रकात थेंबही आहेत आणि दंडावरची सुईही. सेबिन आणि साल्क एकाच बाळाच्या लसपत्रिकेवर नांदतात.

पण सोपे औषधही डोळे झाकून देता येत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सगळी बचावली. करोनाचा काळ होता, लसीबरोबर टेबलावर सॅनिटायझरही होते. लस चांगली होती, मोहीम चांगली होती. हातातली बाटली कुणी वाचली नाही, एवढेच. खरे तर पोलिओच्या कुपीवर पाहण्यासारखी आणखी एक खूण असते. वर्तुळात छोटा चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची. गडद झाला असेल तर उष्णतेने ती वाया गेली असे समजायचे. ही खूण आईबापही पाहू शकतात, विचारू शकतात.

हीच दक्षता घरातल्या औषधांना लागू आहे. एकाच नावाचे तापाचे औषध बाळांच्या थेंबांत आणि सिरपमध्ये मिळते, पण दोन्हींची तीव्रता सारखी नसते. आपल्याकडे पॅरासिटॅमॉलच्या थेंबांत सामान्यतः एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब सिरपच्या जवळजवळ चौपट कडक. दुप्पट तीव्रतेचे, पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमचे सिरपही मिळते. सिरपचे माप थेंबांना लावले तर मुलाच्या यकृतावर संकट येऊ शकते. म्हणून बाटली बदलली की माप पुन्हा विचारावे, आणि डॉक्टरांना मुलाचे आजचे वजन सांगावे.

स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. घरोघरचे चमचे लहान-मोठे असतात. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण, ड्रॉपर किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी, आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला लावू नये. पावडरीच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, प्रत्येक वेळी बाटली हलवावी, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते विचारून तारीख वर लिहून ठेवावी. गोळी कुटून द्यायची असेल तर आधी विचारावे. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात आणि कुटल्या की सगळे औषध एकदम अंगात जाते. औषध बाटलीभर दुधात मिसळू नये. मुलाने दूध अर्धे टाकले की मात्राही अर्धी राहते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला औषध मधात चाटवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे अशा बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण राजकारणापुरती ठेवावी. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून औषध ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला टेकवून बसवावे, गालाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे सोडावे आणि गिळू द्यावे. उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी मात्रा न देता आधी विचारून घ्यावे. मुलाने खाऊ म्हणून मागितले तरी औषधाला खाऊ म्हणू नये, आणि बाटली त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. नाकाचे, कानाचे आणि तोंडाने घ्यायचे थेंब एकाच डब्यात ठेवू नयेत. रात्रीच्या अंधुक उजेडात ते सारखेच दिसतात.

पुढच्या पोलिओ रविवारी मूल घेऊन केंद्रावर जाल, तेव्हा कुपीवरचा चौकोन पाहायला मागा. सेविकेला त्यात राग येण्यासारखे काही नाही. तिलाही तो पाहायलाच शिकवलेले असते. आणि घरी आल्यावर औषधांचा डबा एकदा खाली काढून, दिवसाउजेडी, प्रत्येक बाटलीवरचे नाव, तीव्रता आणि तारीख वाचा.